एकच कार्ड, दोन ड्रायव्हर

लिनक्सवर नेटवर्क मधेच तुटायला लागलं की आपण आधी केबल बदलतो, मग राउटरला नावं ठेवतो. ड्रायव्हरकडे सगळ्यात शेवटी बघतो. रिअलटेकची ८१६८ ही चिप घ्या. पुष्कळ मदरबोर्डांवर असते. कर्नलमध्ये तिच्यासाठी आर८१६९ हा ड्रायव्हर आहेच, आणि कंपनीचा स्वतःचा वेगळा, आर८१६८. दोघंही त्याच चिपवर हक्क सांगतात. पण कार्डाचा ताबा एका वेळी एकालाच मिळतो.

म्हणून पहिली कमांड 'एलएसपीसीआय', सोबत 'एनएनके' हा पर्याय. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' या ओळीत आत्ता ताबा कोणाकडे ते दिसतं, आणि 'कर्नल मॉड्यूल्स'मध्ये दावेदार. तिथे दोन नावं दिसली म्हणजे भांडण आहेच असं नाही हं!

नको असलेला ड्रायव्हर 'मॉडप्रोब.डी'मधल्या फाइलीत ब्लॅकलिस्ट करायचा. डेबियनवर त्यानंतर 'अपडेट-इनिटरामएफएस'ही चालवायचं. ते राहिलं, तर बूट होताना जुनीच प्रत वाचली जाते आणि आर८१६९ आधीच येऊन बसतो.

खरा धोका पुढे आहे. कर्नल अपडेट झालं की बाहेरचा ड्रायव्हर नव्याने कंपाइल व्हावा लागतो. डीकेएमएस ते आपोआप करतं, पण कंपाइल फसलं, तर? आर८१६९ आपणच ब्लॅकलिस्ट केलेला. म्हणजे कार्ड आहे, ड्रायव्हर एकही नाही. सर्व्हर दुसऱ्या गावात असेल आणि आपण एसएसएचनेच आत जात असू, तर दारच बंद. म्हणून आम्ही तरी आधी नव्या कर्नलवर आर८१६९च चालवून बघतो. अदलाबदल करायचीच झाली, तर मशीनसमोर बसून.