ताटातले प्रथिन आणि गोठ्यातली जोखीम

अहिल्यानगर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला सह्याद्रीला टेकून असलेल्या अकोले तालुक्यात शेतीची दोन निराळी जगे शेजारी शेजारी नांदतात. घाटघर-रतनवाडीच्या बाजूला पावसाळ्यात इतके पाणी कोसळते की खाचरात भात आणि डोंगरउतारावर नागली, वरई व खुरासणी हीच काय ती पिके तग धरतात. उलट प्रवरा नदी पूर्वेकडे उतरू लागली की पाऊस झपाट्याने ओसरतो आणि १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्यावर ऊस, भाजीपाला आणि संकरित गाईंचे गोठे दिसू लागतात. पश्चिमेकडची महादेव कोळी व ठाकर समाजांची गावे आणि पूर्वेकडची दुधावर चालणारी गावे यांची मिळकत वेगळी, तशी संकटेही वेगळी. तरीही माणसाला लागणारे प्रथिन कोणत्या पिकातून वा जनावरातून मिळवायचे, आणि ते पिकवताना आलेला तोटा कोणी सोसायचा, हा प्रश्न दोहोंकडे सारखाच आहे.

प्रथिने म्हणजे अमिनो आम्ल नावाच्या लहान घटकांच्या लांब साखळ्या असून त्यांपैकी नऊ घटक प्रौढ माणसाचे शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ते अन्नातूनच यावे लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला रोज सुमारे ५४ ग्रॅम आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. तांदळात व इतर तृणधान्यांत लायसिन नावाचे अमिनो आम्ल कमी पडते, तर कडधान्यांत ते भरपूर असून मिथिओनिन हे दुसरे कमी असते, त्यामुळे भात आणि वालाचे कालवण एकत्र खाल्ले की एकाची उणीव दुसरे भरून काढते. डोंगरी स्वयंपाकघराने ही जोडी पोषणशास्त्राच्या कितीतरी आधी बसवलेली आहे.

या जोडीतला वाल अकोले तालुक्यात किती रूपांनी टिकून होता, हे कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांच्या कामामुळे महाराष्ट्राला कळले. शाळेत न गेलेल्या राहीबाईंनी वाल, घेवडा, भात, नागली आणि रानभाज्यांचे गावठी वाण घरोघर फिरून गोळा केले, बायफ या संस्थेच्या साहाय्याने त्यांची बियाणे बँक उभी केली आणि पुन्हा बायकांच्या हाती सोपवले; २०१८ साली बीबीसीच्या शंभर प्रभावी स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव आले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. गौरवाच्या बातम्यांत त्यांच्या कामाची आर्थिक बाजू मात्र मागे पडली, आणि तीच येथे अधिक महत्त्वाची आहे. मांडवावर चढणारा वाल घराच्या मागे, सांडपाण्यावर वाढतो. त्याच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत बांधून ठेवतात, म्हणून त्याला युरियाची पिशवी लागत नाही. बी घरचे असल्यामुळे दुकानाची उधारी होत नाही. आणि निरनिराळे वाण वेगवेगळ्या वेळी शेंगेवर येत असल्याने एक बहर पावसाने गेला तरी घर पूर्ण उघडे पडत नाही. वाळलेल्या कडधान्याच्या शंभर ग्रॅममध्ये २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात. इतक्या थोड्या जोखमीत इतके प्रथिन देणारे दुसरे काही अकोल्याच्या डोंगरात नाही, असे निःशंकपणे म्हणता येते.

पर्यावरणाच्या हिशेबातही कडधान्यांचे पारडे असेच जड आहे. जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेचेक यांनी २०१८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जगभरातील सुमारे ३८,७०० शेतांची माहिती तपासली आणि शंभर ग्रॅम प्रथिनामागे हवेत किती हरितगृह वायू सोडला जातो, याची सरासरी काढली. खास मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या गोमांसासाठी ती सुमारे ५० किलो, मेंढी-बकरीच्या मांसासाठी २०, डुकराच्या मांसासाठी साडेसात, कोंबडीसाठी पावणेसहा, अंड्यांसाठी चारच्या थोडी वर आणि कडधान्यांसाठी एक किलोहूनही कमी होती. मात्र जगाची सरासरी जशीच्या तशी अकोल्याला लावणे चुकीचे ठरेल, कारण जंगल तोडून केलेल्या कुरणावरची गाय आणि भाताच्या पेंढ्यावर जगणारा इथल्या डांगी जातीचा बैल यांचा हिशेब एक नव्हे. जनावर माणसाच्या तोंडचे धान्य खाते की माणसाला न पचणारा पाला, पेंढा व कोंडा खाते, हाच मुद्दा निर्णायक ठरतो.

या कसोटीवर डुकराचे स्थान लक्षणीय आहे, आणि महाराष्ट्रात त्याचा विचार फार थोडा झाला आहे. मादीचा गाभणकाळ सरासरी ११४ दिवसांचा, म्हणजे चार महिन्यांहूनही कमी असतो. एका वेतात आठ-दहा पिल्ले होतात आणि वर्षाकाठी दोन वेते मिळू शकतात. एक किलो वजन वाढण्यासाठी डुकराला साधारण तीन किलो खाद्य लागते. शेडमधल्या ब्रॉयलर कोंबडीला दोन किलोहून कमी लागते हे खरे, पण कोंबडीला मका आणि सोयाबीनच हवे असते, तर डुक्कर कोंडा, फळभाज्यांची सड, ताकाची निवळ आणि शिजवलेले खरकटे यांचे मांस करते. गोव्यात हे घरोघरी घडत आले आहे. तेथील काणकोण भागातल्या अगोंद गावाच्या नावाने ओळखली जाणारी ‘अगोंद गोअन’ ही देशी जात अधिकृतपणे नोंदवली गेली असून, जुन्या गोव्याजवळच्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने तिच्यावर काम केले आहे. तेथे सॉसेजला, म्हणजे चोरिसाला, ठरलेले गिऱ्हाईक आहे, सणावाराची मागणी आहे, आणि म्हणूनच पाळणाऱ्याला पुढच्या वेताची आशा धरता येते.

घाटावर चित्र निराळे आहे. महाराष्ट्रात डुकरे पाळण्याचे काम दीर्घकाळ कैकाडी, वडार यांसारख्या भटक्या-विमुक्त समाजांकडे राहिले, आणि प्राण्याविषयीचा तिटकारा माणसांवरही लादला गेला. गावकुसाबाहेर, उकिरड्यावर मोकाट सोडलेले जनावर पाहून समाजाने त्याच्या धन्याची किंमत ठरवली, ही आपल्या पशुपालनाच्या इतिहासातली एक दुखरी नोंद आहे. मुसलमान समाजाला हे मांस धर्माने निषिद्ध, बहुसंख्य हिंदू घरांत ते वर्ज्य, आणि मोकाट डुकरांत आढळणाऱ्या फीतकृमीची भीती खरी. मैल्यावर चरणाऱ्या डुकराच्या मांसात या कृमीच्या अळ्या राहतात, त्या कच्च्या मांसातून माणसाच्या आतड्यात जातात, आणि अशा माणसाच्या विष्ठेतली अंडी अन्नपाण्यातून पोटात गेल्यास अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून झटके येऊ शकतात. बंदिस्त गोठ्यात ठेवलेल्या डुकराच्या नीट शिजवलेल्या मांसात हा धोका उरत नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानाने २०२१-२२ पासून शंभर माद्या व दहा नर अशा प्रकल्पाला निम्मे, कमाल ३० लाख रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले आहे. परंतु जवळ अधिकृत कत्तलखाना नाही, थंड साखळी नाही आणि ग्राहक पुणे-मुंबईच्या मोजक्या दुकानांपुरता, अशा ठिकाणी अनुदानाने गोठा उभा राहतो, बाजार उभा राहत नाही. अकोल्यासारख्या तालुक्यातील शेतकऱ्याने या अनुदानाच्या जाहिरातीकडे पाहताना शेवटचा किलो कोण घेणार, हे आधी पक्के करावे.

सावध राहण्याचे दुसरे कारण रोगाचे आहे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा विषाणूजन्य ताप १९२१ साली केनियात प्रथम वर्णिला गेला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांत त्याचा मृत्युदर प्रचंड असतो. भारतात २०२० साली आसाम व अरुणाचल प्रदेशात त्याची नोंद झाली, २०२१ साली एकट्या मिझोरममध्ये तीस हजारांहून अधिक डुकरे दगावली आणि जुलै २०२२ मध्ये तो केरळातील वायनाडपर्यंत पोहोचला. हा विषाणू मांसात, न शिजवलेल्या खरकट्यात, बूट-चपलांवर आणि वाहनांच्या चाकांवर टिकून राहतो, म्हणून हॉटेलातले उष्टे उकळून घेतल्याशिवाय खाऊ घालू नये, एवढा एकच नियम अनेक गोठे वाचवू शकतो. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या कडेने रानडुकरे आहेत, तीही या रोगाला बळी पडतात आणि पाळीव डुकरांपर्यंत तो नेऊ शकतात. ही रानडुकरे अकोल्याच्या शेतकऱ्याला परिचित आहेत ती पिकाची नासाडी करणारी म्हणून.

साथीत भरपाईचा नियम कसा लिहिलेला असतो, यावर पुष्कळ काही ठरते. स्वाइन फीव्हर पसरू नये म्हणून शासनाने ठरवून मारलेल्या डुकरांना केंद्र व राज्य यांच्याकडून भरपाई मिळते. रोगाने स्वतःहून मेलेल्या डुकरांना ती लागू होत नाही, आणि ज्याच्या गोठ्यातले जनावर पाहणी होण्याआधीच मेले, त्याची हानी कागदावर येतच नाही. त्याच्याशी २०२२ मधील लम्पी त्वचारोगाची तुलना करून पाहावी. चावणाऱ्या माशा, डास व गोचीड यांच्यामार्फत पसरणारा हा गुरांचा रोग त्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर पसरला. जनावरांचे बाजार बंद झाले, प्रदर्शने थांबली आणि अहिल्यानगर जिल्ह्यालाही त्याचा जबर फटका बसला. त्या वेळी राज्याने मोफत लसीकरण केले आणि रोगाने मेलेल्या दुधाळ जनावरामागे ३० हजार, ओढकामाच्या बैलामागे २५ हजार व वासरामागे १६ हजार रुपये दिले. रक्कम अपुरी होती, चांगल्या गाईची किंमत त्याहून कितीतरी अधिक असते. तरीही मृत्यूची भरपाई मृत्यूलाच जोडलेली होती, म्हणून ती पोहोचली.

पश्चिम भागातील डांगी जनावरांच्या मालकांना हा आधार विशेष मोलाचा वाटला असणार. अंगावर तेलकट स्राव असल्यामुळे मुसळधार पावसातही चिखलणीला टिकणारी ही जात अकोले, इगतपुरी आणि डांग भागाची. राजूरला तिचे वार्षिक प्रदर्शन भरते. दूध कमी, पण कामाला भारी, अशा या जातीचा कणा बैल हाच होता, आणि पॉवर टिलर व ट्रॅक्टर आल्याने, शिवाय २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आल्याने, म्हाताऱ्या बैलाचा पेंढा कोठून आणायचा हा भार एकट्या मालकाच्या डोक्यावर राहिला आहे.

पूर्वेकडचा भार दुधाच्या दराचा आहे. जुलै २०२३ मध्ये राज्याने ३.५ फॅट व ८.५ एसएनएफच्या गाईच्या दुधाला लिटरमागे ३४ रुपये किमान दर ठरवला. एसएनएफ म्हणजे दुधातील स्निग्धांश व पाणी सोडून उरलेली प्रथिने, साखर व क्षार. काही महिन्यांतच प्रत्यक्ष दर त्याच्या पुष्कळ खाली घसरला, आंदोलने झाली, आणि १ जुलै २०२४ पासून दूध संघांनी ३० रुपये व शासनाने ५ रुपये अनुदान द्यावे अशी रचना करावी लागली. पेंड व मक्याचा भाव मात्र कोणत्याही आदेशाने खाली येत नाही, आणि गाय दूध कमी द्यायला लागली तरी खाणे थांबवत नाही. प्रथिन विकणारा उत्पादक खर्चाच्या बाजूला बाजाराचा आणि उत्पन्नाच्या बाजूला संघाचा बांधलेला असतो. अनुदान ही तात्पुरती फुंकर ठरते.

करारावर पाळलेल्या ब्रॉयलर कोंबड्यांच्या बाबतीत कंपनी पिल्ले, खाद्य व औषध पुरवते, शेतकरी शेड, वीज आणि मजुरी घालतो आणि किलोमागे ठरलेली वाढ-मजुरी घेतो. बाजार कोसळला तर तोटा मुख्यतः कंपनीचा, हे या कराराचे बलस्थान. पण २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून करोना होतो या अफवेने चिकनला कोणी हात लावेना तेव्हा नवे पिल्लू शेडमध्ये आलेच नाही, आणि बँकेचा हप्ता मात्र शेतकऱ्याच्याच नावावर चढत राहिला.

या पार्श्वभूमीवर लहान जनावरांचे महत्त्व कळते. शेजारच्या संगमनेरच्या नावाने ओळखली जाणारी संगमनेरी शेळी दूध आणि मांस दोहोंसाठी उपयोगी असून तिच्या सुधारणेचे काम राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात चालते. शेळी विकून औषधपाणी, लग्नाचे सामान, शाळेचे शुल्क होते, म्हणजे ती चालती ठेवच. राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या बदलानुसार पशुविम्याच्या हप्त्यातला शेतकऱ्याचा वाटा १५ टक्के केला गेला, उरलेला केंद्र व राज्य वाटून घेतात. हा विमा डांगी बैलाला आणि डोंगरातल्या दोन शेळ्यांना खरोखर लागू व्हायचा, तर कानातला बिल्ला लावायला आणि मेलेल्या जनावराचा पंचनामा करायला पशुवैद्यकाने त्या वस्तीपर्यंत वेळेत चढून यायला हवे.

अंड्याच्या बाबतीत मात्र तयार गिऱ्हाईक समोर आहे. महाराष्ट्राच्या आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली गरोदर व स्तनदा मातांना गरम जेवण आणि अंगणवाडीतल्या बालकांना आठवड्यातून ठरावीक दिवशी अंडे दिले जाते. राजूर येथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असलेल्या या तालुक्यात ही योजना लागू आहे. त्या अंड्यांतला काही भाग जरी परसातल्या गावठी कोंबड्यांच्या मालकिणींकडून ठरलेल्या दराने, रोखीने घेतला गेला आणि अंगणवाडीच्या वरणात वालाची भर पडली, तर कोंभाळण्याच्या मांडवावरचे बी आणि घाटघरच्या अंगणातली कोंबडी यांना एकाच खरेदीचा आधार मिळेल. त्यासाठी नवी योजना लागत नाही. खरेदीच्या आदेशात स्थानिक उत्पादकाचे नाव आणि पैसे देण्याची मुदत लिहिली म्हणजे पुरे.