पाण्याच्या नळीची साक्ष

सोलापुरातल्या नवी पेठेतल्या दुकानांच्या गर्दीतून जिना चढून वर गेलं की प्रयोगशाळेची पहिली खोली लागते. तिथे रुग्णाचा नमुना कधीच येत नाही. फक्त पीसीआर तपासणीसाठी लागणारं मिश्रण, म्हणजे मास्टर मिक्स, बनतं. नमुने दुसऱ्या खोलीत उघडतात, यंत्र तिसरीत. तिसरीत गेलेला माणूस त्या दिवशी पहिलीत परत येत नाही. प्रत्येक खोलीचा एप्रन वेगळा, पिपेट वेगळं. आणि सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार गेला तरी नळ्या भरताना पंखा बंद.

एवढा कडकपणा का, हे यंत्राचं काम पाहिल्यावर कळतं. ९५ अंशांना डीएनएचे दोन धागे सुटतात. साठीच्या आसपास उतरलं की प्रायमर नावाचे डीएनएचे छोटे तुकडे आपली जागा धरतात आणि टॅक नावाचं विकर नवा धागा विणतं. ते मूळचं यलोस्टोनच्या गरम झऱ्यातल्या जंतूचं, म्हणून या उष्णतेत टिकतं. दर फेरीला प्रती दुप्पट. ३० फेऱ्यांत एकाच्या शंभर कोटींवर. कॅरी मुलिस यांना ही युक्ती १९८३मध्ये सुचली, नोबेल १९९३मध्ये मिळालं.

या दुपटीचा फायदा क्षयाच्या तपासणीत दिसतो. क्षयाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला एक मिलिलिटर बेडक्यात ते पाच-दहा हजार तरी लागतात. पीसीआरला काहीशे पुरतात. विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या माणसांच्या या शहरात त्या फरकाचं मोल फार मोठं आहे. औषध लवकर सुरू होतं, घरातली लेकरं वाचतात.

पण जुन्या तपासणीतला एखादा तुषार हातमोज्यावरून नव्या नळीत गेला, तर त्याच्याही शंभर कोटी प्रती होतात आणि निरोगी माणूस पॉझिटिव्ह ठरतो. नेस्टेड पीसीआरमध्ये एका पीसीआरची नळी उघडून तिच्यातल्या प्रतींवर दुसरा लावतात, तिथे हा धोका सर्वांत जास्त. रिअल-टाइममध्ये नळी बंदच राहते, प्रतींबरोबर वाढणारी चमक बाहेरून मोजली जाते. तरी भरणारे हात माणसाचेच.

म्हणून मी नळ्या भरणाऱ्या ताईंचे हातच बघत राहिलो. एका वेळी एकच झाकण उघडायचं, त्याच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही, दर नळीला नवी टिप. शेवटच्या नळीत नमुन्याऐवजी निर्जंतुक पाणी. ही निगेटिव्ह कंट्रोल. आलेखात तिची रेघ वर उठली, तर अख्खा रन रद्द.

पडद्यावर आलेख आले तेव्हा ताईंनी आधी पाण्याची रेघ पाहिली. सपाट होती. मग जंतूचा डीएनए मुद्दाम घातलेली पॉझिटिव्ह कंट्रोल, मग रुग्ण. एका नमुन्याची रेघ पार ३७व्या फेरीला उठलेली. इतक्या उशिरा उठली, तर खरा जंतू की तुषार, सांगता येत नाही. ताईंनी त्याचा रिपोर्ट लिहिला नाही. काउंटरवर फोन करून ‘उद्या या म्हणावं’ असं कळवलं आणि उरलेल्या बेडक्यातून पुन्हा डीएनए काढायला सांगितलं.