गारगोटीतून निघणारं पातं

दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोटात गारगोट्या असतात. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत पाण्याबरोबर सिलिका झिरपली आणि कॅल्सेडनी, अगेट, जॅस्पर तयार झाले. कातळ लवकर झिजतो, गारगोटी टिकते आणि ओढ्यानाल्यांतून नदीच्या पात्रात येते. घोड, भीमा, प्रवरा यांच्या गोट्यांत ती आजही सापडते. चकमकीचे मोठमोठे दगड इथल्या माणसाच्या वाट्याला आले नाहीत. मुठीत मावणाऱ्या या गारगोटीवरच त्यानं हजारो वर्षं काम भागवलं.

शिरूर तालुक्यातल्या इनामगावला घोड नदीच्या काठी ताम्रपाषाणयुगातलं एक गाव होतं. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळात तिथे वस्ती होती. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथे उत्खनन केलं. सातू पिकवणारे, रंगीत नक्षीची जोर्वे भांडी घडवणारे हे लोक तांबं वापरत, पण तांबं दुर्मीळ होतं. कापणं, सोलणं, खरवडणं ही रोजची कामं गारगोटीच्या पात्यांनीच व्हायची. तसं पातं आपल्या हातानं काढून बघायचं, म्हणून मी ताडपत्रीवर बसते. मांडीवर जाड चामडं, डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क.

पहिली परीक्षा कानाची. दुसऱ्या गोट्यानं हलकेच वाजवून बघायचं. चांगली गारगोटी खणखणते, आतून तडकलेली बद्द वाजते. मग वरची खडबडीत साल काढून एका टोकाला सपाट माथा करायचा. इथे नवशिका माणूस हमखास जोर लावतो. शिकवणारे सर तेवढ्यात हात धरतात आणि म्हणतात, "जोर राहू द्या. आधी कोन बघा." माथा आणि बाजू यांच्यातला कोन काटकोनापेक्षा कमी असेल तरच छिलका सुटतो. कोन चुकला तर कितीही दणके द्या, माथा नुसता चेचला जातो. बरोबर साधलं तर दगड शिंपल्यासारखा फुटतो, घावाजवळ छोटा उंचवटा आणि तिथून पसरत गेलेल्या लाटा. हा उंचवटा दिसला की तो माणसाच्या हातचा छिलका असण्याची शक्यता वाढते.

पण छिलका म्हणजे पातं नव्हे. लांब, अरुंद, दोन्ही कडांना समांतर धार असलेलं पातं हवं असेल तर आधी कणा घडवावा लागतो. गारगोटीच्या एका अंगाला वरपासून खालपर्यंत, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून, बारीक छिलके काढत जायचं. हळूहळू नागमोडी कणा उभा राहतो. मग माथ्यावर, कण्याच्या बरोबर मागे, बोथट छिन्नी टेकवून ठोका द्यायचा. हरणांची शिंगं बाळगायला आज कायद्यानं मनाई आहे, म्हणून आम्ही लाकूड आणि म्हशीचं शिंग वापरतो. आघात कण्याच्या रेषेनं खाली धावतो आणि अख्खा कणा सुटून हातात येतो. पाठीवर दोन्ही बाजूंचे घाव असलेलं हे पहिलं पातं फारसं कामाचं नसतं. खरी कमाई उरलेल्या दगडावर, म्हणजे गाभ्यावर असते. कणा गेला तिथे दोन सरळ कडा तयार झालेल्या असतात आणि पुढचं प्रत्येक पातं या कडांच्या आधारानं निघतं.

नर्मदाकाठच्या नावडातोलीपासून महाराष्ट्रातल्या जोर्वे वस्त्यांपर्यंत हे तंत्र दिसतं. पातं मिळण्याच्या कितीतरी आधी, दगड अजून गोल असताना, त्या कारागिराच्या डोक्यात सगळा क्रम तयार असला पाहिजे. अशा माणसाला मागासलेला म्हणणं मला पटत नाही.

कधी ठोका अर्ध्यावरच विरतो, पातं मध्येच तुटतं आणि गाभ्यावर पायरी पडते. पुढचं पातंही तिथेच अडतं. जुन्या गाभ्यांवर अशा पायऱ्या दिसतात, तेव्हा कारागीर कुठे अडला हे हाताला लगेच कळतं. म्हणूनच मला संग्रहालयातल्या सुबक पात्यापेक्षा कचरा जास्त बोलका वाटतो. फ्रान्समधल्या एतिओल इथे संशोधकांनी असे छिलके परत एकमेकांना जोडून पाहिले. चुलीजवळ तरबेज हात काम करत होते आणि नवशिके त्यांच्यापासून लांब बसले होते, असं त्यातून दिसलं.

खंभातच्या मणीकारांकडून या कामाबद्दल पुष्कळ शिकता येतं. रतनपूरच्या खाणीतला अकीक, म्हणजेच अगेट, ते आधी भाजतात. त्यातल्या लोहामुळे दगड लाल होतो आणि तो फोडायलाही सोपा जातो. जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकाला दगड टेकवून वरून शिंगाच्या हातोडीनं ठोकायचं, अशी त्यांची पद्धत. हडप्पाकालीन मण्यांचा अभ्यास करताना केनॉयर, विदाले आणि भान या पुरातत्त्वज्ञांनी या कारागिरांचं काम बारकाईनं नोंदवलं. या कामात उडणाऱ्या धुळीनं तिथल्या अनेकांना सिलिकोसिस झाला, हेही सांगायला हवं. माझ्या तोंडावरचा मास्क उगाच नाही.

पातं लाकडी खोबणीत राळेनं बसवून गवत कापलं की ते सहज कापतं. बरंच गवत कापून झाल्यावर धारेला झळाळी येते. लेनिनग्राडचे संशोधक सेम्योनोव्ह यांनी १९५७ च्या पुस्तकात हत्यारांवरच्या अशा खुणा सूक्ष्मदर्शकाखाली वाचायची रीत मांडली. आज केलेल्या पात्यावरची झळाळी जुन्या पात्यावरच्या झळाळीशी ताडून पाहता येते आणि ते पातं धान्याच्या ताटांवर चाललं होतं का, याचा अंदाज बांधता येतो.

उठताना ताडपत्रीवरचा सगळा चुरा गोळा करायचा, हा आमचा नियम. आजचा छिलका नदीकाठी पडला तर उद्याच्या संशोधकाला तो फसवेल. चुरा कुठे पुरायचीच वेळ आली तर सोबत चालू सालाचं नाणं टाकावं. वाचकांनाही विनंती आहे. शेताच्या बांधावर किंवा नदीच्या दरडीत असे छिलके दिसले तर ते उचलू नका. फोटो काढा, जागा नीट टिपून ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. एकदा छिलका हलवला की तो कशाशेजारी पडला होता हे पुन्हा कळायला मार्ग नाही.