घाट बांधला, पण गाळ कोण काढणार?

आज आपण बोलतोय काशीच्या अमृतराव घाटावरून. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव काशीला येऊन राहिले आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी हा दगडी घाट बांधून घेतला. याला राजा घाटही म्हणतात. पावसाळ्यात गंगा पायऱ्यांवर चढते आणि ओसरताना गाळ सोडून जाते. मग पाण्याचे फवारे मारून तो काढावा लागतो. घाट एकदा बांधला, गाळ मात्र दरवर्षी काढायचा.

सायबर सुरक्षेचंही तसंच आहे. इथे कुणी नावेचे पैसे क्यूआर कोडवरून दिले, तर ते गावाकडच्या सहकारी बँकेतल्या खात्यातून जाऊ शकतात. त्या बँकेने सुरक्षेची यंत्रणा एकदा विकत घेतली असेल. पण तिच्याकडे रोज बघणारा माणूस आहे का?

माणूस कशाला हवा, ते पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या घटनेतून कळतं. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. आपण एटीएममध्ये पैसे मागितले की ती मागणी बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जाते, शिल्लक तपासली जाते, मग होकार मिळतो. चोरांनी मध्येच एक खोटा स्विच उभा केला. मागणी मुख्य यंत्रणेपर्यंत पोचतच नव्हती. खोटा स्विच परस्पर होकार देत होता. बनावट कार्डांवर २८ देशांतून पैसे निघाले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्टमार्गे हाँगकाँगच्या एका खात्यात आणखी सुमारे १४ कोटी गेले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये!

त्यानंतर नियम आले. ऑक्टोबर २०१८मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट घालून दिली. २०२२मध्ये सर्ट-इनने सांगितलं, की ठरावीक प्रकारचा सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. पण आधी तो कुणाच्या तरी लक्षात यायला हवा ना?

आता साधा हिशोब करू. आठवड्याचे तास १६८. एका माणसाचे कामाचे तास धरा ४८. म्हणजे एकच खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण धरलं की पाच. छोट्या बँकेला हे कसं परवडणार? म्हणून अनेक बँका हे काम बाहेरच्या कंपनीकडे देतात. त्यात चूक नाही. पण कंपनीचा फोन आल्यावर निर्णय घेणारा जाणकार आपल्या घरात लागतोच.

मग माणसं का मिळत नाहीत? आयएससी२ या संस्थेच्या २०२४च्या पाहणीनुसार जगभर सुमारे ५५ लाख लोक या क्षेत्रात आहेत आणि आणखी सुमारे ४८ लाख हवेत. टंचाईचं पहिलं कारण म्हणून कौशल्याचा अभाव नव्हे, तर पैशाची तरतूद नसणं पुढे आलं. म्हणजे काही खुर्च्या आपणच मांडलेल्या नाहीत.

दुसरी अडचण जाहिरातीतच असते. पद शिकाऊ, आणि अट सीआयएसएसपीची! त्या प्रमाणपत्रालाच साधारण पाच वर्षांचा अनुभव लागतो. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नको, असं सांगण्यासारखं झालं हे. अनुभवी माणूस सगळ्यांना हवा, पण त्याची पहिली दोन वर्षं कुणी द्यायची?

म्हणून बँकेच्या संचालकांना माझं सांगणं, माणूस आपल्यातच शोधा. रोजचा ताळा जुळवणाऱ्या कारकुनाला दोन रुपयांचा फरक खुपतो. ती नजर शिकवून येत नाही. नेटवर्क आणि लॉग वाचणं मात्र शिकवता येतं. शिकल्यावर पगारही वाढवा, नाहीतर तो दुसरीकडे जाईल आणि तुम्ही पुन्हा जाहिरात द्याल.

आणि तरुण मित्रांनो, प्रमाणपत्रं गोळा करण्याआधी लिनक्स आणि नेटवर्कचा पाया पक्का करा. घरच्या संगणकावर लॉग उघडून वाचा. जे कळलं ते दोन पानं मराठीत लिहून काढा. मुलाखतीत तेच दाखवा.

पुढचा पूर येणारच आहे. गाळ काढणारे हात आतापासून तयार करूया.