उन्हाच्या तापात ढोबळी मिरचीची निगा

बोईसर-तारापूरपासून चिंचणी, वाणगाव व डहाणूपर्यंतच्या पट्ट्यात अनेक शेतकरी ढोबळी मिरचीचे पीक घेतात. पावसाळा सरताच लावलेले हे पीक थंडीत जोमाने फळते. परंतु फेब्रुवारीच्या अखेरीपासून त्यास उन्हाचा ताप जाणवू लागतो. झाडे माना टाकतात, फुले गळतात, आणि शेतकरी घाबरून पाण्यावर पाणी देतो किंवा औषधावर औषध फवारतो. यांतील बराचसा खर्च व्यर्थ जातो. कित्येकदा तर तापाने न मेलेले झाड अतिपाण्याने मरते.

समुद्र इतका जवळ असता एवढा ताप कसा, असे कोणासही वाटेल. एरवी समुद्रावरून येणारा खारा वारा दुपारची उष्णता आवरून धरतो. ज्या दिवशी पूर्वेकडील कोरडे वारे जोर धरतात, त्या दिवशी खारा वारा उशिरा सुटतो व तोवर पारा चढतच राहतो. किनारी ठिकाणी कमाल तापमान ३७ अंश सेल्सिअसवर जाऊन सरासरीहून किमान साडेचार अंशांनी अधिक झाले, म्हणजे हवामान विभाग त्यास उष्णतेची लाट मानतो. ढोबळी मिरचीस मात्र त्यापूर्वीच त्रास होतो. दिवसाचे तापमान सुमारे ३२ अंशांवर जाऊन रात्रीही उकाडा राहिला, तर पराग दुर्बळ होतात, फलधारणा होत नाही व फुले गळतात. अशा फुलगळीवर केवळ फवारणीचा इलाज चालत नाही.

झाड पानांवाटे पाण्याची वाफ सोडून स्वतःस थंड राखते. कोरड्या वाऱ्यात मुळांनी पुरविलेल्या पाण्यापेक्षा अधिक पाणी उडून जाते, तेव्हा पाने मलूल होतात. म्हणून दुपारी झाड पाहून निर्णय करू नये. ते संध्याकाळी व पुन्हा पहाटे पाहावे. पहाटे पाने ताठ असतील, तर दुपारचे मलूलपण तापाचे होय. पहाटेही झाड मलूल दिसले, तर मुळांजवळची माती हाताने उकरून पाहावी. माती कोरडी असल्यास पाणी द्यावे. ती ओली असूनही झाड मलूल असेल, तर मूळकूज किंवा मर रोगाचा संशय घ्यावा. बुंध्याजवळचे खोड कापून तुकडा स्वच्छ पाण्याच्या पेल्यात धरला असता त्यातून दुधी धागा उतरू लागला, तर ती जिवाणूजन्य मर समजावी. अशा ठिकाणी पाणी वाढविणे घातक आहे.

पानांच्या वळण्यानेही फसगत होते. तापाने वळलेले पान कडांकडून होडीसारखे वर येते, हिरवे राहते व सायंकाळी पुष्कळसे उलगडते. फुलकिड्यांनी वळलेले पान उलगडत नाही, त्यावर खरचटल्यासारख्या रुपेरी खुणा असतात. कोळ्यांच्या उपद्रवाने पाने खाली वळतात. फळाच्या उन्हाकडील बाजूस पांढरट, कागदासारखा चट्टा पडला, तर तो उन्हाचा चटका होय. फळाच्या टोकाशी काळपट खोलगट डाग पडल्यास पाणी कधी फार, कधी थोडे दिल्याने फळास चुना पुरेसा पोचत नाही, असे समजावे.

उपाय साधे आहेत. पाणी पहाटे किंवा सायंकाळी, थोडे थोडे पण नियमित द्यावे. वाफसा टिकावा, चिखल होऊ नये. भाताच्या पेंढ्याचे दोन-तीन इंच आच्छादन घालावे, मात्र बुंधा मोकळा ठेवावा. कडक उन्हात काळ्या कागदापेक्षा रुपेरी आच्छादन बरे. चटका टाळण्यासाठी झाडावरील पाने राखावीत. उगाच छाटणी करू नये. ३५ ते ५० टक्के सावली देणारे जाळे उंचावर बांधल्यास फळे वाचतात, परंतु ते पावसाळी ढगाळ दिवसांत तसेच राहू देऊ नये. मका किंवा ज्वारीच्या दाट ओळी पूर्वेच्या बांधावर लावाव्यात. पश्चिमेची बाजू मोकळी ठेवावी, कारण थंडावा देणारा वारा तिकडूनच येतो. ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

ताप चालू असता नत्राचा हप्ता लांबणीवर टाकावा. गंधकाची फवारणी तर करूच नये, तिने पाने करपतात. चटका बसलेली फळे लगेच तोडावीत; त्यांवर बुरशी येते आणि ती झाडाची शक्ती खातात. फुले गळाली म्हणून झाडे उपटण्याची घाई करू नये. मुळे निरोगी असतील, तर रात्री निवळताच नवीन कळ्या येतात व फळे पुन्हा धरू लागतात.