नाकाचं दुखणं अंगावर काढू नका

मैत्रिणींनो, आमच्या ठाणे-डोंबिवली पट्ट्यात धूळ, धूर आणि पावसाळ्यात भिंतींना येणारी ओल, यामुळे चोंदलेलं नाक घरोघरी असतं. वाफ घ्यायची, आल्याचा काढा प्यायचा आणि कामाला लागायचं! बहुतेकदा निभावूनही जातं. पण सायनसमध्ये, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांत बुरशी वाढली असेल, तर काढ्याने भागत नाही.

मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, कल्याण-डोंबिवली परिसरात म्युकरमायकोसिसने दोन रुग्ण दगावल्याची बातमी आली आणि ‘काळी बुरशी’ हा शब्द घराघरात पोहोचला. करोना ओसरला, तसा तो शब्दही आपण विसरलो. आजार मात्र गेलेला नाही. तो करोनाच्या आधीही होताच, मुख्यतः मधुमेह आटोक्यात नसलेल्यांमध्ये.

खरं तर ही बुरशी काळी नसतेच. तिचे कण माती, कुजलेला पाला, शिळा पाव अशा सगळीकडे असतात आणि रोज आपल्या नाकात जातात. धडधाकट शरीर त्यांना थारा देत नाही. साखर खूप वाढली किंवा स्टिरॉइडमुळे प्रतिकारशक्ती घटली, की ती फोफावते. रक्तवाहिन्या बंद करते आणि रक्त न मिळालेला भाग काळा पडतो. एकाचा दुसऱ्याला हा आजार होत नाही, त्यामुळे रुग्णाला वेगळं पाडायचं कारण नाही.

नाकातली प्रत्येक बुरशी इतकी घातक नसते. काहींच्या सायनसमध्ये बुरशीचा गोळा होतो. तो शस्त्रक्रियेने काढला की बहुधा काम भागतं. काहींना बुरशीची ॲलर्जी असते. त्यांना शस्त्रक्रियेबरोबर स्टिरॉइड देतात. आणि म्युकरमध्ये तेच स्टिरॉइड घात करू शकतं! म्हणूनच दुकानातून मनाने गोळ्या आणायच्या नाहीत.

निदानासाठी कान-नाक-घशाचे डॉक्टर दुर्बिणीने नाक तपासतात, तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवतात. सीटी स्कॅन किंवा एमआरआयने बुरशी डोळ्यापर्यंत, मेंदूपर्यंत गेली का, ते कळतं. म्युकर असेल तर सडलेला भाग तातडीने काढतात, ॲम्फोटेरिसिन बी शिरेतून देतात आणि साखर आटोक्यात आणतात. या औषधाचा मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो, म्हणून रक्ततपासण्या चालूच राहतात. खर्च मोठा असतो. २०२१ मध्ये राज्य सरकारने हे उपचार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत घेतले होते. आपला रुग्ण योजनेत बसतो का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला जरूर विचारा.

शिबिरांमध्ये मी एक गोष्ट नेहमी पाहते. नवऱ्याची, सासूबाईंची साखर किती, हे बाईला तोंडपाठ असतं. स्वतःची? “बघू हो, मुलांच्या परीक्षा झाल्या की!”

अहो, हा आजार परीक्षा संपेपर्यंत थांबत नाही. मधुमेह आहे आणि चेहऱ्याची एकच बाजू दुखतेय, सुजलीय किंवा बधिर झालीय, नाकातून काळपट स्राव येतोय, वरचे दात हलताहेत, टाळू काळा दिसतोय, एकाचे दोन दिसताहेत, यातलं एक जरी असलं, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा. एक दिवस उशीर झाला तर डोळा जाऊ शकतो, जीवही. स्वयंपाक एक दिवस घरातलं कुणीही करेल.