व्यवस्थापन शिकताना (लेखांक ११) : मुकादमाच्या हातातली तीन कामं

सीईटी आणि स्पेशलायझेशनची निवड या विषयावर आज लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे, कारण शिरड शहापूरहून एका वाचकाचं पत्र आलं आणि त्यातला प्रश्न काही केल्या मनातून जाईना. औंढा-वसमत रस्त्यावरचं हे गाव बाहेरच्यांना मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळं माहीत असतं. पत्र लिहिणाऱ्यांची मुलगी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढं एमबीए करून एचआर घ्यायचं म्हणते. घरचे म्हणतात, हे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं शिक्षण, आपल्या भागात ऊस आणि हळद, इथं त्याचं काय करणार? आणि शेवटी एक वाक्य : तिचे चुलत आजोबा मुकादम होते, हंगामाला टोळ्याच्या टोळ्या लावायचे, ते कोणत्या कॉलेजात गेले होते?

हा शेवटचा प्रश्न त्यांनी कदाचित चिडून लिहिला असेल. पण आपल्या देशात हा विषय विद्यापीठात आला तोच या प्रश्नापायी. म्हणून आजचा सगळा लेखांक मुकादमाला.

हॉथॉर्नच्या कारखान्यात मेयो आणि त्यांचे सहकारी काय पाहत होते ते गेल्या वेळी झालं. त्याच काळात, १९२८ साली, मुंबईच्या गिरण्या सुमारे सहा महिने संपानं बंद होत्या. तिथं माणसं कामाला कशी लागत? रत्नागिरीहून, साताऱ्याहून, घाटावरून गडी मुंबईत उतरायचा, गाववाल्याच्या खोलीत पथारी टाकायचा आणि सकाळी गिरणीच्या फाटकावर उभा राहायचा. आत घ्यायचं की नाही ते जॉबर ठरवी. बायकांच्या खात्यात हेच काम नायकीण करी. साहेबाला मराठी येत नसे आणि शेकडो माणसांची नावं ठाऊक असण्याचं त्याला कारण नव्हतं. त्याला माणसं हवी असत आणि जॉबर ती आणून देई. मग तोच जॉबर साच्यावर देखरेख करी, तोच अडीनडीला पैसे देई किंवा कुणाकडून देववी, आणि तोच काढून टाकी. कामावर घेण्याबद्दल दस्तुरी घेई ती वेगळीच. भरती, उधारी आणि देखरेख ही तिन्ही कामं एकाच्या हातात. आजच्या लेखांकात एवढी एकच गोष्ट लक्षात ठेवा, बाकी सगळं तिच्याभोवती फिरतं.

१९२९ मध्ये सरकारनं मजुरांच्या प्रश्नावर शाही आयोग नेमला. अध्यक्ष व्हिटले, आणि सदस्यांमध्ये आपले ना. म. जोशी. १९३१ च्या अहवालात आयोगानं गिरण्यांना सांगितलं की जॉबरच्या हातून भरती काढून घ्या. प्रत्येक मोठ्या कारखान्यात एक लेबर ऑफिसर नेमा, तो फक्त जनरल मॅनेजरला जबाबदार असू द्या, माणूस घेणं त्याच्या हातून होऊ द्या आणि त्याच्या संमतीशिवाय कुणाला काढू नका. या माणसात काय हवं तेही आयोगानं सांगितलं : सचोटी, उत्साह, माणूस ओळखण्याची जाण आणि भाषांवर पकड. मला ही यादी फार आवडते. एचआरच्या मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना मी आजही हीच सांगतो.

पुढची पावलं भराभर पडली. १९३४ मध्ये मुंबई प्रांतात कामगार तंट्यांच्या समेटाचा कायदा झाला आणि सरकारी लेबर ऑफिसर आला. १९३५ च्या सुमारास गिरणीमालकांनी बदली कामगारांच्या नोंदीची पद्धत सुरू केली, म्हणजे बदली द्यायची ती जॉबरच्या मर्जीनं नव्हे तर नोंदवहीतून. १९३६ मध्ये मुंबईच्या नागपाड्यात क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकारानं सर दोराबजी टाटा यांच्या नावानं समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत असताना, १९४६ मध्ये, स्थायी आदेशांचा कायदा आला. नोकरीच्या अटी लेखी असल्या पाहिजेत आणि त्या कामगाराला कळल्या पाहिजेत, हे त्या कायद्यानं बसवलं. १९४७ मध्ये परळला सरकारची बॉम्बे लेबर इन्स्टिट्यूट उभी राहिली. आज तिला नारायण मेघाजी लोखंडे यांचं नाव आहे. गिरणी कामगारांची पहिली संघटना उभी करणारे आणि १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळवून देणारे लोखंडे. एचआर शिकवणाऱ्या संस्थेला याहून शोभेसं नाव मला सुचत नाही.

मग १९४८ चा कारखाने अधिनियम आणि त्याचं कलम ४९. जिथं ५०० किंवा जास्त कामगार, तिथं कल्याण अधिकारी नेमलाच पाहिजे. या एका कलमानं आपल्याकडचं पर्सोनेल मॅनेजमेंटचं शिक्षण उभं केलं असं मी म्हणतो, आणि ते पूर्ण जबाबदारीनं म्हणतो. पद कायद्यानं सक्तीचं झालं, पदाला पात्रता ठरली, पात्रतेसाठी पदविका लागली, पदविकेसाठी वर्ग निघाले. लेबर वेल्फेअरचे ते वर्ग पुढं पर्सोनेल झाले, ऐंशीच्या दशकापासून एचआर झाले आणि एमबीएच्या तिसऱ्या-चौथ्या सत्रात येऊन बसले. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि कल्याण अधिकाऱ्यासाठी कामगारसंख्येची अट ५०० वरून २५० वर आली आहे. हे परीक्षेला विचारतीलच, पण नोकरीच्या दृष्टीनंही ध्यानात ठेवण्यासारखं आहे. २५० कामगारांचे कारखाने तालुक्याच्या ठिकाणीही असतात.

कलम ४९ खालच्या नियमांतल्या दोन अटी मात्र पाठ्यपुस्तकं घाईनं उरकतात. पहिली, त्या कारखान्यातल्या बहुसंख्य कामगारांची भाषा कल्याण अधिकाऱ्याला चांगली यायला हवी. दुसरी, त्यानं कामगारांवरच्या शिस्तभंगाच्या प्रकरणांत पडायचं नाही आणि व्यवस्थापनाच्या बाजूनं कामगाराविरुद्ध उभं राहायचं नाही. पगार मालकाचा, पण ज्या हातानं कामगाराचं दुखणं बघायचं त्याच हातानं आरोपपत्र द्यायचं नाही. जॉबरकडची कामं नुसती एका पदवीधराकडं सोपवली असती तर पदवीधर जॉबर तयार झाला असता. कायद्यानं कामं वेगवेगळी केली. एचआरचा गाभा मी इथं मानतो. कंपन्यांत कल्याण आणि शिस्त दोन्ही एकाच टेबलावर येतात तेव्हा हा विषय त्याच्या मूळच्या हेतूपासून ढळतो, असं माझं ठाम मत आहे.

आता आपल्या भागात येऊ. वसमतचा पूर्णा सहकारी साखर कारखाना आणि कुरुंद्याचा टोकाई, दोन्ही शिरड शहापूरपासून लांब नाहीत. एखाद्या कारखान्याचंच असं नाही, कोणताही साखर कारखाना घ्या, त्याच्या फाटकाच्या आत एचआरचं सगळं पुस्तक चालू असतं. टाइम ऑफिस, हजेरी, कायम आणि हंगामी असे वर्ग, हंगाम संपल्यावर हंगामी कामगाराला रिटेन्शन अलाउन्स, भविष्यनिर्वाह निधी, राज्य पातळीवरचा त्रिपक्षीय करार. फाटकाबाहेर दोन-चार किलोमीटरवर उसाच्या फडात याच कारखान्यासाठी राबणारी टोळी असते, आणि तिथं यातलं काही नसतं. कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा जोडप्याशी. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आधी मुकादम उचल देतो, ती हंगामभर तोडून फेडायची, नाही फिटली तर बाकी पुढच्या वर्षावर. कारखान्याचा जो एकच नोकर त्यांना रोज दिसतो तो स्लिपबॉय. आज कुठल्या फडात कोयता लावायचा ते सांगणारा.

गिरणीतला जॉबर आठवा. भरती मुकादमाची, उधारी मुकादमाची, देखरेख मुकादमाची. १९३१ मध्ये जे सोडवा म्हणून सांगितलं ते इथं तसंच आहे, आणि त्याचा भार सगळ्यात जास्त बाईवर पडतो. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याला दंड. आजारपण, पाळी, बाळंतपण, कशालाही सुट्टीचा रकाना नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया चव्हाट्यावर आल्या, तेव्हा त्यामागच्या कारणांत हा खाडा निघाला. एचआरच्या वर्गात रजेचे प्रकार पाठ करताना हे शिकवलं गेलं पाहिजे. रजा नसली की शरीराचं काय होतं, याहून स्पष्ट उदाहरण जगाच्या कुठल्या केस स्टडीत आहे?

कायदे नाहीत असं नाही. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा मुकादमासारख्या मध्यस्थालाच समोर ठेवून लिहिला होता. पण तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी. हिंगोलीची टोळी कर्नाटकात गेली तर तो लागायचा, कोल्हापूर-सांगलीला गेली तर नाही, अंतर तेवढंच असलं तरी. त्यातल्या तरतुदी आता नव्या संहितेत सामावल्या आहेत. उचलीच्या फेऱ्यात माणूस अडकवून ठेवणं हे १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, टनाला २७३ रुपयांचे ३६६ झाले. तो सामूहिक वाटाघाटींचा ताजा नमुना आहे, आणि औद्योगिक संबंधांच्या पेपरला विद्यार्थ्यांनी तो जरूर लिहावा. पण दर वाढला तरी तीन कामं एकाच हातात राहिली.

ती वेगळी करता येतात हे महाराष्ट्रानंच दाखवून दिलं आहे. १९६९ चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बंदरात आणि बाजारात माथ्यावर ओझं वाहणाऱ्यांना संघटित केलं, पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली, आणि या रेट्यातून हा कायदा झाला. हमालाचा एक मालक नसतो. सकाळी या आडतीवर, दुपारी त्या. म्हणून मालकांनी मजुरी आणि तिच्यावर लेव्ही मंडळाकडं भरायची, आणि मंडळानं कामगाराला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेचा पगार द्यायचा. टोळी राहिली, टोळीचा मुकादमही राहिला. तो आजही माणसं जमवतो, वाराई ठरवताना बोलतो. पण पैशाचा हिशेब त्याच्या खिशातून निघून मंडळाच्या खात्यात गेला. मुकादमाला हाकलून न देता त्याच्या हातातलं एक काम काढून घेतलं, एवढ्यानं केवढा फरक पडला! अंमलबजावणी सगळीकडं सारखी नाही, त्याबद्दल हमाल संघटना वर्षानुवर्षं भांडत आल्या आहेत. तरी रचना म्हणून हा कायदा मला व्हिटले आयोगाच्या शिफारशींपेक्षा सरस वाटतो.

वसमतच्या हळदीच्या बाजारात हे डोळ्यांनी बघता येतं. पोती उतरवणारे हमाल, मापाडी, चाळणीवर बसलेल्या बायका. यातलं कोण कुणाच्या नोंदवहीत आहे आणि कोण कुणाच्याच नाही, एवढं एक विचारत फिरलं तरी अर्धा दिवस जातो.

तर त्या मुलीचं काय? तिनं एचआर जरूर घ्यावं. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या आवारात वाणिज्य व व्यवस्थापनशास्त्र संकुल आहे, ते तिच्या घरापासून जवळ. कामगार कायद्यात खोल जायचं असेल तर परळच्या लोखंडे संस्थेतला मास्टर ऑफ लेबर स्टडीज हाही पर्याय तपासावा. आणि पहिल्या वर्षानंतरच्या प्रोजेक्टसाठी तिनं 'कर्मचाऱ्यांचं समाधान' हा विषय घेऊ नये अशी माझी कळकळीची विनंती. मागच्या बॅचच्या फायली चाळून कंपनीचं नाव बदललेले असे प्रोजेक्ट मी ढिगानं वाचले आहेत. त्यांतून ना विद्यार्थ्याला काही कळतं, ना कंपनीला.

त्याऐवजी तिनं चुलत आजोबांच्या वह्या मागाव्यात. मुकादम वह्या सहसा टाकत नाहीत. उचल कुणाला किती दिली, स्टॅम्पवर लिहून घेतली की तोंडी, किती जणांची फिटली, बाकी कशी फिरली, खाडा कुणाच्या नावावर लागला आणि तो बाईच्या की नवऱ्याच्या हिशेबात धरला, कोण पळून गेलं आणि तो तोटा कुणी सोसला. आजोबा हयात असतील तर त्यांना आदरानं विचारावं, कारण तोट्याच्या बाजूला तेही उभे राहिलेले असणार. वाहतूकदाराला तेच पैसे ते स्वतः देणं लागत होते. मग त्यांच्या टोळीतल्या दोन-चार बायकांना विचारावं, शक्यतो आजोबा समोर नसताना. दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडले की भरती, मोबदला, रजा, तक्रारनिवारण, अभ्यासक्रमातली चार प्रकरणं हातात येतात. मार्गदर्शक प्राध्यापकांनी 'कंपनी कुठली?' असं विचारलं तर कारखान्याच्या शेतकी खात्याचं पत्र घ्यावं. तोडणी-वाहतुकीचा विषय त्याच खात्याकडं असतो.

आजोबा कोणत्या कॉलेजात गेले होते याचं माझं उत्तर असं की माणसं ओळखण्याचं आणि जमवण्याचं शिक्षण त्यांनी फडात घेतलं, आणि त्या बाबतीत ते वर्गातल्या कुणापेक्षाही पुढं होते. उचल आणि देखरेख वेगळी ठेवण्याची सोय त्यांना कुणी दिलीच नव्हती. ती कशी द्यायची, यावर नातीला दोन वर्षं अभ्यास करता येईल.

सीईटी आणि स्पेशलायझेशन पुढच्या आठवड्यात. बीबीएलाही २०२४ पासून सीईटी सुरू झाली आहे आणि त्याबद्दल परभणीहून तिघांनी विचारलं आहे, तेही तेव्हाच घेऊ.